वैद्याचे विवरणपत्र वैद्यानेच तयार करावे

आयकर विवरणपत्राचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळ वैद्यबंधू-भगिनींचे उत्तर ठरलेले असते : "ते आमचे करसल्लागार पाहतात." मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात कागदांची पिशवी त्यांच्या कार्यालयात पोहोचते आणि आकडे न वाचताच भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे. लहान व मध्यम व्यवसाय असलेल्या वैद्याने आपले विवरणपत्र स्वतः तयार करावे आणि सल्लागाराने ते तपासावे.

याचे पहिले कारण असे की, विवरणपत्रातील प्रतिज्ञापन करदात्याचे असते, सल्लागाराचे नव्हे. दुसरे कारण आपल्या व्यवसायाच्या रीतीत आहे. तपासणी, पुडीतून दिलेले औषध आणि क्वचित स्नेहन-स्वेदन, या सर्वांची मिळून एकच रक्कम घेण्याची आपली जुनी पद्धत. या रकमेत शुल्क किती व औषध किती, हे आपल्यावाचून कोणी सांगू शकत नाही. प्रश्नपरीक्षेत रुग्णाने जे सांगितले नाही त्याचे निदान आपणांस जसे अवघड, तसेच हेही.

२०१६ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४ एडीए घातले. त्यानुसार वैद्यकीय व्यावसायिकाची वार्षिक जमा ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाते. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसेल, तर ही मर्यादा वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून ७५ लाख झाली. आगाऊ करही १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी अनुमानित उत्पन्नाची तरतूद कायम आहे. सारांश, ज्याची जमा शुल्काचीच आहे, त्याचे गणित पदविकेच्या विद्यार्थ्यालाही जमावे इतके सोपे आहे.

तथापि या सुलभतेचा एक दुष्परिणाम दिसतो. "निम्मे दाखवायचेच आहे, मग नोंदी कशाला?" असा समज पसरला आहे. वस्तुतः निम्मी रक्कम ही किमान मर्यादा होय. उलट पंचकर्म केंद्र चालविणाऱ्याचा तेल, तूप, परिचारक व जागाभाडे यांवरील खर्च निम्म्याहून अधिकही असू शकतो. कमी उत्पन्न दाखवायचे तर हिशेबवह्या हव्यात आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे असल्यास लेखापरीक्षणही हवे. आपण कोणत्या बाजूला आहोत, हे नोंदीशिवाय कळणार कसे? १९६२ च्या आयकर नियमांनी वैद्यकीय व्यावसायिकांसाठी नमुना ३ सी ही दैनिक नोंदवही घालून दिली होती. दिनांक, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, शुल्क व ते मिळाल्याचा दिनांक, एवढेच तिचे रकाने. अनुमानित पद्धतीत ती सक्तीची नसली, तरी प्रत्येक चिकित्सालयात ती असावी.

औषधालयाचे गणित निराळे. व्यापाऱ्यासाठी कलम ४४ एडीने उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत वा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के उत्पन्न मानले. परंतु त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमाने वैद्यकादी व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस ही सवलत नाकारली. म्हणून एकाच नावावर चिकित्सालय व औषधविक्रीचे दुकान चालविणाऱ्या वैद्याने दोन्ही जमा एकत्र करून मनास येईल तो टक्का लावणे धोक्याचे आहे. दुकानाच्या खरेदी-विक्रीची व शिल्लक साठ्याची वही वेगळी ठेवावी आणि नेमक्या याच मुद्द्यावर सल्लागाराचे मत लेखी घ्यावे. सल्लागाराची खरी गरज आहे ती येथे. बेरजा करण्यासाठी नव्हे.

"खरी जमा लिहिली तर कर वाढेल," हा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, पण तो मनात असतो. कर चुकविणे गैर आहे, हे तर झालेच. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनेही तो तोट्याचा आहे. चिकित्सालयाच्या जागेसाठी कर्ज मागताना बँक मागील वर्षांची विवरणपत्रेच पाहते. दुर्दैवाने वैद्याचा रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण कुटुंबाची भरपाई ठरविताना उत्पन्नाचा प्रमुख पुरावा म्हणून याच कागदाकडे वळते. आयुष्यभर झाकलेले उत्पन्न त्या दिवशी पत्नी-मुलांच्या उपयोगी पडत नाही.

आरंभ अवघड नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण मिळते. रुग्णालयाने मानधनातून कापलेला कर, बँकेचे व्याज व ठेवी त्यात आढळतात. प्रथम ते आपल्या वहीशी ताडावे, तफावतीचे कारण शोधावे, मगच नमुना भरावा. निदानापूर्वी चिकित्सा नको, हे आपणांस कोणी शिकवायला नको.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी दरवर्षी एप्रिलमध्ये एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी. ज्येष्ठांनी नव्या वैद्यांना नोंदवहीचे रकाने आखून द्यावेत, नव्यांनी ज्येष्ठांना संगणकावरील नमुना भरून दाखवावा. रुग्णाच्या नाडीवर विश्वासाने बोट ठेवणाऱ्या वैद्याला स्वतःच्या मिळकतीचा आकडा दुसऱ्यास विचारावा लागू नये, एवढीच अपेक्षा.