शिष्यवृत्ती संपते तिथून पुढे

पीएच.डी. झालेली आपली मुले आम्हाला विचारतात, 'परदेशात पोस्ट-डॉकसाठी शासनाची शिष्यवृत्ती कोणती?' अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.पर्यंतच आहे. पण पोस्ट-डॉक हे मानधनाचे काम. त्यासाठी फी भरावी लागत नाही. युरोपची मारी क्युरी फेलोशिप सर्व विज्ञानशाखांना, कोणत्याही देशाच्या संशोधकाला खुली आहे. जर्मनीच्या हुम्बोल्टसाठी तिथल्या प्राध्यापकाची संमती आधी लागते. त्यांचे शोधनिबंध वाचून थेट ई-मेल करावा. खरी अडचण शिफारसपत्राची. तिथे राखीव जागा नाही, गाईडची मर्जी आहे! म्हणून प्रबंध सादर करण्यापूर्वीच बाहेरच्या दोन प्राध्यापकांना आपले काम दाखवून ठेवा. पीएच.डी.नंतर किती वर्षे झाली तेही मोजतात. मुदतीचा कायदा शिकलेल्या आम्हाला हे एका मुलाची मुदत टळल्यावर कळले.