राब्लेच्या गावची तांबडी वाइन

फ्रांस्वा राब्लेच्या 'गार्गांतुआ'मध्ये (सुमारे १५३४) एक अख्खे युद्ध रोटीवरून पेटते. द्राक्षमळे राखणारे मेंढपाळ लेर्नेच्या भटाऱ्यांकडे रोख पैशाने 'फुआस' रोट्या मागतात; भटारी रोट्यांऐवजी शिव्या देतात आणि प्रकरण राजा पिक्रोकोलच्या स्वारीपर्यंत जाते. वर्गात हा प्रसंग युद्धखोरीवरील उपरोध म्हणून शिकवला जातो, ते योग्यच. पण द्राक्षांसोबत ताजी रोटी खाण्याचे सुख निवेदक तिथे आवर्जून वाखाणतो, ते आपण सहसा ओलांडून जातो.

हे सारे घडते शिनोंच्या परिसरात, म्हणजे लेखकाच्या जन्मभूमीत. व्हिएन नदीकाठच्या या गावाची तांबडी वाइन काबर्ने फ्राँ या द्राक्षाची. स्थानिक नाव 'ब्रेतों'. मात्र ती ब्रिटनीत नव्हे, इथल्या व्हेरोंच्या भूमीत पिकते, असा टोला राब्लेनेच हाणून ठेवला आहे. जगभर मिरवणारे काबर्ने सोव्हिन्यों हे याच द्राक्षाचे अपत्य (१९९७ मध्ये डीएनए चाचणीने तसे सिद्ध झाले). पण ते उशिरा पिकते, आणि इथली थंडी त्याला सहसा तेवढी सवड देत नाही. फ्राँची वाइन हलकी, आंबटसर. तिला रास्पबेरीचा आणि ढोबळी मिरचीचा हिरवट वास.

हा हिरवेपणा म्हणजे कच्चेपणा, असे मानणारी अभिरुची गेल्या शतकाच्या अखेरीस फोफावली. वाइन दाट हवी, ओकच्या पिंपात मुरलेली हवी. आम्हांस हे मान्य नाही. तसली वाइन ताटातील अन्नाला बोलूच देत नाही. दहा-बारा युरोंची साधी शिनों बोलू देते. डुकराचे मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून, धागे सुटेपर्यंत मोडून केलेले 'रियेत' जिभेवर जो ओशटपणा ठेवते, तो तिच्या आंबटपणाने धुतला जातो. जोडीला फुआसची वारसदार 'फुए', भट्टीत टम्म फुगणारी पोकळ रोटी. तिच्या पोटातच रियेत भरायचे. सेंत-मोर हे राख माखलेले बकरीचे चीजही चालते, जरी पंडित तिथे पांढरी वाइन सुचवतात. माशांना तांबड्या वाइनचा विटाळ मानणाऱ्यांनी तर तिच्यातच शिजवलेली वामाची 'मातलोत' चाखावी. बाटली मात्र अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली हवी.

काळजी आहे ती निराळीच. उन्हाळे तापू लागल्यापासून इथली द्राक्षे अधिक पिकतात; मद्यार्क वाढतो, ढोबळी मिरची विरळ होते. कोंब लवकर फुटत असल्याने एप्रिलची गोठवणारी थंडीही त्यांना गाठते. २०१६ आणि २०२१ मध्ये ल्वार खोऱ्याने ते भोगले. हिरवेपणाला दोष म्हणणारे पहिल्या बदलाला सुधारणा म्हणतात. आम्ही मात्र थंड सालांच्या बाटल्या शोधत असतो. २०२१ हे तसे साल होते. पीक थोडे आले, पण मिरची शाबूत आहे.