पत्ता चुकला की निदान चुकते

छावणीतल्या एखाद्या घरी येणाऱ्या पाकिटावर कधी ‘औरंगाबाद’ लिहिलेले असते, कधी ‘छत्रपती संभाजीनगर’. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले, घर मात्र जागच्या जागीच आहे. कागदावरचा पत्ता आणि जमिनीवरचे घर यांची जोड पोस्टमनला ठाऊक असते, म्हणून टपाल पोहोचते. संगणकाच्या मेमरीतही असे दोन पत्ते असतात. ती जोड तुटली की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने एक अपडेट पाठवले. ७८ मिनिटांत ते मागे घेतले गेले, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अमेरिकेत काही रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तर ब्रिटनमध्ये अनेक डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात.

प्रत्येक ओपीडीत सकाळी नंबर एकपासून सुरू होतो. मेडिसिनचा ‘बारा नंबर’ वेगळा, सर्जरीचा वेगळा. नंबर तोच, रुग्ण निराळे. संगणकातला प्रत्येक प्रोग्रामही असाच स्वतःपुरता क्रमांक वापरतो, त्याला आभासी पत्ता म्हणतात. माहिती ज्या चिपवर, ज्या जागी खरोखर असते तो भौतिक पत्ता. दोहोंची सांगड ‘पेज टेबल’ नावाच्या तक्त्यात असते. बहुतेक संगणकांत मेमरीचे ४०९६ बाइटचे तुकडे म्हणजे पाने पाडलेली असतात आणि कोणते पान कुठे आहे, हे तक्ता सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, तक्त्यात नसलेला पत्ता वाचायला घेतला, तर पुढे चुकीच्या जागी लिहून नासधूस करण्यापेक्षा यंत्रणा थांबणे पसंत करते.

थांबताना ती मेमरीची नोंद डिस्कवर उतरवते. तोच ‘क्रॅश डंप’, यंत्राचा शवविच्छेदन अहवाल म्हणा. पण त्यात भौतिक पाने ओळीने रचलेली असली आणि दोष सांगणारा पत्ता आभासी असला, तर नुसती पाने चाळून काही कळत नाही. आधी डंपमधलाच तक्ता शोधून पत्त्याचा मेळ घालावा लागतो. शिवाय लहान डंपमध्ये सगळी पाने नसतात. एखादे पान डंपमध्ये नाही, म्हणून ते मेमरीतही नव्हते असे ठरत नाही. केसपेपरला रिपोर्ट जोडलेला नाही, म्हणून तपासणी झालीच नाही असे जसे म्हणता येत नाही.

घाई कशी नडते, तेही या प्रकरणात दिसले. समाजमाध्यमांवर पहिल्याच दिवशी निदान फिरले: प्रोग्रामने ‘शून्य’ पत्ता वाचला. मायक्रोसॉफ्टने डंप तपासले तेव्हा उलटेच दिसले. पत्ता शून्य नाही ना, हे प्रोग्रामने आधी पाहिले होते. पत्ता शून्य नव्हताच, पण तक्त्यानुसार त्यामागे वैध पान नव्हते. पुढे कंपनीने मूळ कारण जाहीर केले: प्रोग्रामला २१ रकान्यांची अपेक्षा होती, मिळाले २०. एकविसावा वाचायला तो हद्दीबाहेर गेला.

आता ओपीडीची नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा, सारे संगणकावर येत आहे. निळा पडदा दिसला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: बटण दाबून बंद, पुन्हा चालू. नोंद पूर्ण उतरण्याआधी बटण दाबले, तर पुरावा अर्धवट राहतो. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत पुढच्या क्रॅशची फाइल आधीच्या फाइलवरच लिहिली जाते. म्हणजे तोच आजार पुन्हा उद्भवतो आणि प्रत्येक वेळी मागच्या खेपेचा कागद फाडलेला असतो.

रुग्णालयात दगावलेल्या रुग्णाच्या उपचारांचा आढावा घेतला जातो, तो कोणाला दोषी धरण्यासाठी नव्हे, पुढचा रुग्ण वाचावा म्हणून. हीच शिस्त संगणक कक्षात हवी. डंप वेगळा जपून ठेवावा, तारीख-वेळ नोंदवावी, नवे अपडेट आधी दोन-चार संगणकांवर चालवून मगच सगळीकडे द्यावे आणि कागदी रजिस्टर हाताशी ठेवावे. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायचे. त्या क्षणी पडद्यावर उघडलेले रुग्णाचे नाव, निदान, अहवाल हेही डंपमध्ये आलेले असू शकतात. म्हणून ती फाइल दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर सहज देऊन टाकण्याची वस्तू नाही. तिला केसपेपरइतकीच गोपनीयता हवी.