चंदा रमजानचा, खर्च दर महिन्याचा
राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 2017 पासून केंद्र 60, राज्य 30 आणि संस्था 10 टक्के भार उचलत होती. 2022 मध्ये ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ योजना आली आणि भर अंगणवाड्यांवर गेला. मोहल्ल्यातल्या छोट्या पाळणाघराला मग चंद्याचाच आधार. पण चंदा येतो रमजानमध्ये. बाजींचा पगार, भाडं मात्र दर महिन्याला. त्यातही बरीच रक्कम जकातीची. हनफी उलेमांच्या मते ती गरजूच्या मालकीची व्हायला हवी, म्हणजे पगारात वळवता येत नाही. मग गरीब आईच्या हातीच जकात द्यावी, तिनं फी भरावी. बाकीसाठी लिल्लाह रक्कम वेगळी मागावी. हे ठरवणार कोण? बऱ्याच ठिकाणी सही एकट्या सदरसाहेबांची. ते उमराहला गेले की पगार अडकला! आम्हाला वाटतं, खात्यावर तिघांची नावं असावीत, कुठल्याही दोघांच्या सहीनं पैसे निघावेत. तिघांत एक तरी तिथं मूल ठेवणारी आई हवी.