मळी आमची, निवळी आमची, साखर कोणाची?

महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केलेल्या मनुष्यास एक खोड जडते. कोणतीही नवी वस्तु कानावर आली कीं, ती कोणाच्या नांवावर लागली आहे, हें तो आधीं पाहतो. आज जो विषय मी वाचकांपुढें मांडीत आहें, तो प्रथमदर्शनीं शेतीच्या मासिकाचा वाटणार नाहीं. परंतु शेवटपर्यंत वाचल्यास तो आपल्याच बांधावरचा आहे, असें दिसून येईल.

गेल्या वर्षीं माझी नात दिवस पुरे होण्यापूर्वींच जन्मली. सुनेस पहिले चार दिवस दूध उतरलें नाहीं. इस्पितळांतील दुग्धपेढींतून, अन्य मातांनीं दान केलेलें दूध बाळास मिळालें व तें वांचलें. अशी पहिली पेढी आपल्या देशांत मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत 1989 सालीं निघाली. त्या दिवसांत तेथील डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या कीं, आईच्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं, त्या बाळास मुळींच पचत नाहींत; आणि त्या आतां किण्वाकडून, म्हणजे ज्यास आपण यीस्ट म्हणतों त्याकडून, करवून घेतां येतात. जी पचत नाहीं ती शर्करा बाळास हवी कशाला, हा प्रश्न मला पडला. त्याचें उत्तर मीं वाचून काढलें तें असें.

मातेच्या दुधांत शेंकडा सुमारें 7 भाग दुग्धशर्करा असते. तिजखेरीज दर लिटरीं 5 ते 15 ग्रॅम निराळ्या संयुक्त शर्करा असतात व त्यांचे दीडशेंहून अधिक प्रकार शास्त्रज्ञांनीं ओळखिले आहेत. गाईच्या दुधांत त्या नांवापुरत्याच. बाळास त्या पचत नाहींत, कारण त्या त्याच्या आंतड्यांतील हितकर जंतूंचें अन्न होत. शिवाय आंतड्याच्या आवरणास चिकटूं पाहणारे कित्येक रोगजंतु ह्या शर्करांसच चिकटून बाहेर पडतात. शेणखत आपण केवळ पिकास घालीत नाहीं, मातींतील जिवाणूंसही घालतों. तसाच हा प्रकार आहे.

ह्यांपैकीं एक प्रमुख शर्करा अशी कीं, दुग्धशर्करेस फ्युकोज नांवाची दुसरी लहान शर्करा जोडली असतां ती तयार होते. युरोपीय संघानें 2016 सालीं ती बालान्नांत घालण्यास परवानगी दिली. आजवर ती मुख्यतः जिवाणूंकडून करविली गेली. परंतु 2019 सालीं अमेरिकेंतील ड्युपाँट कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं दोन जातींच्या किण्वांत ती तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. युक्ति अशी. पाव फुगविणारें किण्व दुग्धशर्करा आंत घेऊं शकत नाहीं. म्हणून दुधावर वाढणाऱ्या दुसऱ्या किण्वाचें जनुक घालून त्यास दार करून द्यावयाचें. फ्युकोजचा कच्चा माल त्याच्या घरांत असतोच, कारण स्वतःच्या पेशीची भिंत बांधण्यास तोच पदार्थ लागतो. त्याचें रूपांतर करणारीं व जोडणी करणारीं जनुकें तेवढीं बाहेरून आणावीं लागतात. दुग्धशर्करा ह्या किण्वास खातां येत नाहीं, म्हणून ती खर्ची न पडतां जोडकामास उरते. जिवाणूंच्या टाकींत विषाणु शिरून सारा घाणा वाया जाण्याचें जें भय असतें, तेंही येथें नाहीं.

किण्व ही वस्तु मुळशीस परकी नाहीं. 1983 सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज कंपनीची संशोधनशाळा आपल्या तालुक्यांत उरवडे येथें आहे. मद्यार्क, जैवइंधन व तत्सम द्रव्यें शेतमालापासून करण्याचें काम तेथें चालतें. 2023 च्या मे महिन्यांत पुण्याहून दिल्लीस जें विमान देशी जैवइंधनाच्या मिश्रणावर गेलें, त्या इंधनांत ह्या कंपनीचा सहभाग होता. पुण्यांतच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. विद्या अशी दारीं आलेली असतां, मातेच्या दुधांतील शर्करेचा कारखाना उद्यां ह्याच भागांत उभा राहिला तर नवल नाहीं.

त्या कारखान्यास मुख्यतः दोन वस्तु लागतील : किण्वाच्या पोषणास साखर व जोडकामास दुग्धशर्करा. पहिली मळींत आहे. एक टन ऊस गाळला असतां सुमारें 40 ते 45 किलो मळी निघते व तींत जवळजवळ निम्मी साखर असते. दुसरी वस्तु निवळींत आहे. पनीर काढल्यावर जें हिरवट पाणी उरतें, त्यांत दर शंभर लिटरीं साडेचार ते पांच किलो दुग्धशर्करा असते. तीच निवळी ओढ्यांत सोडली तर पाण्यांतील प्राणवायु नाहींसा होऊन मासे मरतात. अर्थात् माल आपला आहे आणि आज त्यांतील कांहीं आपण वाहून जाऊं देतों.

आतां हिशोब पाहूं. दुधाचा दर स्निग्धांश व इतर घनपदार्थ पाहून ठरतो. दुग्धशर्करा त्या घनपदार्थांतच येते. तेव्हां तिचें मोल गवळ्यास एकदां मिळतें, पण निवळींतून ती काढून विकली असतां होणारा नफा त्याच्या पावतीवर उमटत नाहीं. उसाचेंही तसेंच. रंगराजन समितीनें 2012 सालीं अशी शिफारस केली कीं, साखर, मळी, चिपाड व गाळाची मळी ह्यांच्या उत्पन्नाचा शेंकडा 70 हिस्सा ऊस उत्पादकास मिळावा. 2013 सालीं आपल्या राज्यानें ऊसदराचा जो कायदा केला, तोही उत्पन्नाच्या वांटणीचेंच तत्त्व धरून आहे. परंतु ही वांटणी मळीपाशीं थांबते. मळीपासून पुढें जें जें निघतें, त्यांत ऊस पिकविणाऱ्याचें नांव नाहीं.

मुळशीस हें दुखणें जुनें आहे. 1921 सालीं सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तो ह्याचकरितां. धरण झालें, भातखाचरें पाण्याखालीं गेलीं आणि वीज मुंबईस गेली.

कोणी म्हणतील, बुद्धि शास्त्रज्ञाची, भांडवल कंपनीचें. शेतकऱ्यानें मळी विकली व मोल घेतलें, पुढें त्याचा संबंध काय? ह्यांत तथ्य आहे. संशोधकास त्याचें फळ व भांडवलास त्याचें व्याज मिळालेंच पाहिजे. शिवाय मद्यार्काच्या मानानें ह्या शर्करेस मळी अत्यल्प लागेल. तिच्यामुळें उसाचा भाव वाढेल असें जो सांगेल, त्याजवर विश्वास ठेवूं नये. माझें म्हणणें टनांविषयीं नाहीं, वहिवाटीविषयीं आहे. कचेरींत असतां एक वृद्ध कुळ माझ्या टेबलाशीं कित्येक पावसाळे खेपा घालीत असे. जमीन तो चाळीस वर्षें कसत होता, परंतु पीकपाहणींत त्याचें नांव नव्हतें. त्याचा घाम खोटा नव्हता. नोंद नव्हती, एवढेंच. पहिल्या वर्षीं जी नोंद होते तीच पुढें चालते. मागाहून ती फिरविण्यांत आयुष्य जातें.

दुसरी गोष्ट ह्याहून नाजूक आहे. ही शर्करा घातलेला डबा मातेच्या दुधाच्या बरोबरीचा म्हणून खपविण्याचा मोह व्यापाऱ्यास होईल. बालान्नाची जाहिरात करण्यास व फुकट नमुने वांटण्यास 1992 च्या कायद्यानें मनाई केली आहे, ती योग्यच आहे. दीडशेंहून अधिक शर्करांपैकीं एखाद-दुसरी म्हणजे आईचें दूध नव्हे. माझ्या सुनेस पांचव्या दिवशीं दूध उतरलें, तें तिला कोणीं धीर दिला व वेळ दिला म्हणून. ज्या मातेस खरोखर दूध नाहीं आणि जेथें दुग्धपेढी नाहीं, तेथें असा डबा आधार ठरेल, तर त्याचें स्वागत करावें. परंतु भातलावणीस आलेल्या बाईस दोन वेळां बांधावर बसून लेकरास पाजण्याची सवड न देतां तिच्या हातीं डबा देणें, हा शास्त्राचा उपयोग नव्हे.

म्हणून संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें माझ्या तीन सूचना आहेत. कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याचे जे आपणांपैकीं सभासद आहेत, त्यांनीं मळीपुढील मालांतील हिश्शाचा ठराव तेथील सभेंत आणावा. पनीर करणाऱ्या आपल्या मंडळींनीं निवळी ओढ्यांत न सोडतां एकत्र सांठवावी व तिची रोजची नोंद ठेवावी; नोंद असेल तरच उद्यां सौदा करतां येईल. आणि लावणीच्या दिवसांत अंगावर पाजणाऱ्या बाईची मजुरी पाजण्याच्या वेळेबद्दल कोणीं कापूं नये, असा नियम संघानें सभासदांस घालून द्यावा. ह्या तिसऱ्या सूचनेस ना कारखाना लागतो, ना किण्व. ती येत्या आषाढापासूनच अमलांत यावी, अशी चालकांस विनंति आहे.