कॉइल ठरवण्याआधी सेल बघा

मेकॅनिकल मॉड हा व्हेपचा असा प्रकार आहे, की त्यात इलेक्ट्रॉनिक्स नावालाही नसतं. पितळेची किंवा तांब्याची नळी, आत लिथियम आयन सेल, दाबायला बटण, वर तारेची कॉइल आणि तिच्यात खोवलेला कापूस. बटण दाबलं की सेलचा करंट थेट कॉइलमध्ये जातो. मध्ये फ्यूज नाही, चिप नाही, शॉर्ट झालं तर तोडणारं काही नाही. भारतात 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलं. पण इंग्लंड-अमेरिकेत, दुबईत व्हेप उघडपणे विकले जातात आणि आपली कितीतरी मुलं पोटापाण्यासाठी तिथंच राहतात.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. माझा एक जुना विद्यार्थी दुबईत इमारतींच्या देखभालीचं काम करतो. वायरिंगमध्ये त्याचा हात फार स्वच्छ. त्यानं मध्यंतरी विचारलं, 'सर, 0.15 ओहमची कॉइल बसवली तर कुठला सेल लावू?' सोबत सेलचा फोटो होता. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, आणि प्लसच्या टोकाला वरचं प्लास्टिकचं वेष्टण नखभर फाटलेलं.

माझं मत आधीच सांगतो. हे साधन कुणीच वापरू नये. निकोटिनचं व्यसन हे एक कारण आहेच, त्यावर डॉक्टर मंडळी बोलतील. मी विजेपुरतं बोलतो. पण 'नको वापरूस' एवढंच सांगून गप्प बसणंही मला पटत नाही. असल्या प्रश्नाला आपण हिशेबानं उत्तर देत नाही, म्हणून मुलं ते व्हेपच्या वाफेत रमणाऱ्या मित्रांकडून घेतात.

तर हिशेब. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्ट देतो. सेलवर 3.6 किंवा 3.7 छापलेलं असतं, पण तो मधला आकडा. करंट काढताना 4.2 च धरायचे, कारण पहिलं बटण तेव्हाच दाबलं जातं. 4.2 भागिले 0.15 म्हणजे 28 अँपिअर. घरातली हजार वॉटची शेगडी 230 व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही, कारण तिच्या नायक्रोमच्या कॉइलचा रोध 53 ओहमच्या आसपास असतो. तिच्या सहापट करंट इथं बोटाएवढ्या, पन्नास ग्रॅमसुद्धा न भरणाऱ्या सेलमधून ओढायचा आहे.

हा सेल बहुधा 18650 असतो. 18 मिलीमीटर व्यास, 65 मिलीमीटर लांबी. अंगानं सगळे सारखे दिसतात, ताकद मात्र वेगळी. सॅमसंगचा 25R सतत 20 अँपिअर देण्यासाठी बनलाय. लॅपटॉपसाठी बनलेले सेल पाच-सात अँपिअरच्या पुढं नेऊ नयेत. म्हणजे 20 अँपिअरच्या सेलला 0.21 ओहम ही अगदी काठावरची मर्यादा झाली, आणि लॅपटॉपच्या सेलला साधारण 0.8 ओहम. त्या मुलाचा 0.15 दोन्हीत बसत नाही. त्याचा समज असा होता की मिलीअँपिअर-तास जास्त असले म्हणजे सेल दणकट. तो आकडा सेल किती वेळ पुरेल ते सांगतो. एका दमात किती करंट झेपेल हे त्यातून कळत नाही. उलट जास्त क्षमतेचे बरेच सेल जोराच्या करंटला कच्चे असतात.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. सेलला स्वतःचा आंतररोध असतो. चांगल्या नव्या सेलचा 20 मिलिओहम धरा. 0.15 च्या कॉइलला प्रत्यक्षात मग 25 अँपिअरच्या आसपास करंट वाहील आणि सेलच्या पोटात 12 वॉट उष्णता होईल. तोच सेल वापरून थकला, आंतररोध 70 मिलिओहमवर गेला, तर करंट 19 अँपिअरवर उतरतो. वाफ कमी येते. वापरणाऱ्याला वाटतं, चला, आता जोर कमी झाला, धोकाही कमी. प्रत्यक्षात सेलच्या पोटातली उष्णता 25 वॉटवर गेलेली असते, दुपटीहून जास्त. आणि वाफ कमी झाली म्हणून तो काय करतो? आणखी कमी रोधाची कॉइल बसवतो. 0.1 ओहमवर त्याच थकल्या सेलच्या आत 42 वॉट. आतला प्लास्टिकचा पातळ पडदा 130 अंशांच्या आसपास वितळू लागतो, आत शॉर्ट होतं, त्यातून आणखी उष्णता, आणि इलेक्ट्रोलाइट तर ज्वलनशीलच. पुढचं थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. नळीला वायू बाहेर पडायला पुरेशी भोकं नसतील तर ती धातूची नळी फुटते, आणि ती तोंडाशी असते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं 2017 च्या अहवालात 2009 ते 2016 या काळातल्या ई-सिगारेटला आग लागण्याच्या किंवा स्फोटाच्या 195 घटना नोंदवल्या. 133 जण जखमी झाले. त्यात मृत्यू नव्हता. पुढं 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये एकेक जण अशा स्फोटात गेला. दोघांच्याही हातात मेकॅनिकल मॉडच होता.

'सर, मी रोध मोजून घेतो ना,' असं तो म्हणाला. कशानं? आपल्या पिशवीतल्या मल्टिमीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा, पडद्यावर 0.2 किंवा 0.3 ओहम दिसतील. तो नुसत्या वायरींचा रोध. ज्याच्या वायरीच मोजायच्या वस्तूपेक्षा जास्त रोधाच्या, त्या मीटरवर 0.15 आणि 0.08 मधला फरक कळणार कसा? त्यासाठी चार वायरींचा मिलिओहम मीटर लागतो. शिवाय कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटले किंवा तारेचं टोक धातूला लागलं की मोजलेला रोध तसाही राहत नाही.

फाटलेल्या वेष्टणाबद्दल मी त्याला लगेच फोन केला. 18650 चा अख्खा डबा मायनस असतो, प्लसच्या खांद्यापर्यंत. मधलं छोटं बटण तेवढं प्लस, आणि त्या दोघांत एक बारीक कडी आणि ते पातळ वेष्टण. नळीही मायनसला जोडलेली. काही मॉडमध्ये कॉइलच्या भागाची पिन थेट सेलच्या प्लसवर टेकते. ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसली तर सेलचा प्लस सरळ मायनसच्या कडेवर बसतो. तिथं रोध उरतच नाही. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल ठेवला तरी तेच होतं. त्या 195 पैकी 61 घटना खिशातल्याच होत्या. दोन सेल एकावर एक ठेवण्याचा प्रकार तर बोलूच नये: व्होल्टेज 8.4, म्हणजे त्याच कॉइलला करंट दुप्पट आणि वॉट चौपट.

त्यानं तो सेल काढून ठेवला. पण मला त्या एकट्याची काळजी नाही. मेकॅनिकल मॉड आपल्याकडं न येवो, सुटा 18650 आलेलाच आहे. सोलर दिवे, पॉवर बँक, सायकलींचे बॅटरी पॅक दुरुस्त करणारी मुलं जुन्या पॅकमधले सेल काढून नवं वेष्टण चढवून विकतात आणि विकत घेतात. 9900 मिलीअँपिअर-तास छापलेले सेल मिळतात. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते, तेव्हा तो छापच खोटा आहे हे बघता क्षणी कळायला हवं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं 2021 मध्येच सुटे 18650 घेऊ नका असं लोकांना सांगितलं. आपल्याकडं लिथियम सेलना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे, त्यावर आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. गल्लीतल्या सुट्या सेलवर तो किती जण शोधतात?

बंदीला माझा पाठिंबा आहे. पण बंदी आली म्हणून हा हिशेब वर्गात शिकवायचं थांबू नये. नववीच्या विज्ञानात धाराविद्युत आहे, ओहमचा नियम आहे. त्याच धड्यात एक उदाहरण सेलच्या बाजूनं घाला: या सेलला 5 अँपिअरच झेपतात, तर त्याला कमीत कमी किती ओहम लावता येतील? दुसरं: आंतररोध साडेतीनपट झाला, तर सेलच्या आत किती वॉट जळतील? आयटीआयच्या प्रत्येक इलेक्ट्रिशियन वर्कशॉपमध्ये एक मिलिओहम मीटर हवा आणि मुलांनी नवा, जुना, खोट्या छापाचा असे तीन सेल स्वतः मोजून वहीत लिहायला हवेत. सुटा सेल विकणाऱ्यानं कमाल करंटचा आकडा वेष्टणावर दिलाच पाहिजे, असा नियमही व्हावा. आज क्षमतेचा आकडा तिथं ठळक छापतात आणि जो जीव वाचवेल तो बहुधा नसतोच.