एमसीबी वाढवू नका, वायर बदला



गॅस सिलिंडर महागला की ‘इंडक्शन घ्या’ असा सल्ला चहूकडून मिळू लागतो. शेगडी किती वॅटची घ्यावी, भांडी कोणती चालतील, बिल किती येईल, सगळं सांगितलं जातं. भिंतीतली वायर ती शेगडी पेलेल का, हे मात्र कुणी विचारत नाही. मी परवानाधारक वायरमन आहे. माझं म्हणणं एकच आहे: एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी मोठा एमसीबी बसवण्याची पद्धत ताबडतोब बंद झाली पाहिजे.

एमसीबी बसवतात तो वायर तापून जळू नये म्हणून. त्याचा आकडा वायरीवरून ठरतो. घरात किती उपकरणं आली यावरून तो वाढवायचा नसतो. आपल्या बहुतेक फ्लॅटमध्ये किचनच्या पॉवर पॉइंटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असते. भिंतीतल्या पाइपात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, ती साधारण १८ ते २० अँपियर सुखाने वाहते. तिच्यावर १६ अँपियरचा एमसीबी योग्य. आता हिशोब करा. इंडक्शन २००० वॅट, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, ओटीजी १५००: एकूण ६२०० वॅट. २३० व्होल्टवर हे २७ अँपियर होतात. १६ चा एमसीबी थोड्या वेळात पडतो, म्हणजे तो आपलं काम चोख करतो. घरातल्यांना तो ‘खराब’ वाटतो. मग कुणीतरी येतो, ३२ चा बसवतो, आणि कटकट मिटली म्हणून सगळे खूश होतात.

एमसीबी आपल्या आकड्यावर लगेच पडत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मानकाप्रमाणे आकड्याच्या १.१३ पट करंट त्याने तासभर न पडता वाहू द्यायचा असतो आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायचं असतं. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपियर तासभर जाऊ देईल. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १८ च्या वायरीत ३६ अँपियर गेले तर ती चौपट तापते. वरचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत चालतं. वरून काहीच दिसत नाही.

३२ चा एमसीबी मुळात वाईट नाही. चार चुलींचा, ७००० वॅटचा इंडक्शन हॉब बसवायचा तर ३२ चाच लागतो, पण मग डीबीपासून (एमसीबींच्या मुख्य पेटीपासून) ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आली पाहिजे. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही आधी पाहून घ्यावा.

वायर बदला म्हटलं की ‘टाइल्स फोडाव्या लागतील’ ही नेहमीची सबब. पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीला बांधून नवी ओढता येते. नसेल तर वरून केसिंग पट्टी मारावी. दिसायला बरी नाही, पण सुरक्षित आहे. लाखांचं मॉड्युलर किचन करणाऱ्यांना हा खर्च जड नसतो. खरं तर सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फर्निचरचं काम करणारी माणसं चिमणी, ओव्हन, डिशवॉशर यांचे नवे पॉइंट जुन्याच सॉकेटवरून लूप मारून काढतात. वायर तीच, सॉकेटं मात्र पाच. वर दारं बसली की तपासायलाही हात पोहोचत नाही.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक फ्लॅटच्या डीबीच्या दारावर आतून एक तक्ता हवा: कोणत्या एमसीबीवर कोणते पॉइंट, त्याला वायर किती चौरस मिलिमीटरची. तो बिल्डरने ताबा देतानाच द्यावा. जुन्या इमारतींत सोसायटीने परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावा, आणि किचनच्या नूतनीकरणाला परवानगी देताना नव्या पॉइंटांचा तपशील लेखी मागावा. पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी वर्गणी काढता येते, तर यासाठीही काढता येईल.

– एक वायरमन, ठाणे